मीठ, साखर आणि पाणी : डॉ. दिलीप महालनबीस यांचे कार्य

जुन्या करारातील नामान सेनापतीची गोष्ट आपण मिस्साच्या वाचनात ऐकलेली आहे. कुष्ठरोग बरा व्हावा म्हणून तो एवढ्या लांबून आला, आणि अलीशा संदेष्ट्याने त्याला यार्देन नदीत सात बुड्या मारायला सांगितले. इतका साधा उपाय ऐकून त्याला अपमान वाटला व तो रागाने परत निघाला. त्याची समजूत घातली ती त्याच्या चाकरांनी.

जुलाबाच्या बाबतीत आपल्यापैकी पुष्कळजण नामानच आहेत. मुलाला ढाळ-वांत्या सुरू झाल्या की घरातली वडील मंडळी आधी त्याचे पाणी तोडतात आणि मग सलाईन लावण्यासाठी दवाखान्याकडे धाव घेतात. मीठ-साखरेच्या पाण्याने जीव वाचतो यावर विश्वासच बसत नाही. एके काळी मोठमोठ्या डॉक्टरांचाही बसत नव्हता. तो ज्यांनी बसवला त्यांत डॉ. दिलीप महालनबीस यांचे स्थान फार वरचे आहे.

त्यांचा जन्म १९३४ साली आज बांगलादेशात असलेल्या किशोरगंज भागात झाला. कलकत्त्यात वैद्यकीचे शिक्षण घेऊन ते बालरोगतज्ज्ञ झाले, काही काळ इंग्लंडात राहिले, आणि १९६६ च्या सुमारास कलकत्त्यास परतून पटकी म्हणजे कॉलऱ्यावरील संशोधनात पडले. तोंडाने क्षार देण्याचे प्रयोग तेव्हा कलकत्ता व ढाका येथे चालू होते. परंतु ते इस्पितळात, डॉक्टरांच्या डोळ्यांदेखत. खेड्यातल्या माणसाच्या हाती हे काम देता येईल असे कोणी मानीत नव्हते.

१९७१ साली पूर्व पाकिस्तानात युद्ध पेटले आणि लाखो निर्वासित सरहद्द ओलांडून पश्चिम बंगालमध्ये आले. सरहद्दीवरच्या बनगावला पटकीची साथ उसळली. तिथल्या इस्पितळात रोग्यांसाठी दोन खोल्या व १६ खाटा. बाकीचे रोगी जमिनीवर पडलेले. सलाईन लावायचे तर डॉक्टरांना त्या घाणीतच गुडघे टेकावे लागत. दोन दिवसांतच महालनबीस यांच्या ध्यानात आले की सलाईनच्या बाटल्या पुरणार नाहीत आणि ती लावणारे शिकलेले हातही पुरणार नाहीत.

मग त्यांनी जो निर्णय घेतला, तो घेण्यास मोठे धैर्य लागते. एक लिटर पाण्यास २२ ग्रॅम ग्लुकोज, साडेतीन ग्रॅम मीठ व अडीच ग्रॅम खाण्याचा सोडा, असे प्रमाण ठरवून कलकत्त्यात पुड्या बांधून घेतल्या. एका लिटरला खर्च ११ पैसे. बनगावला हे पाणी पिंपात कालवून ठेवले आणि रोग्यांची आई, बाप, भाऊ यांनाच सांगितले की पेला भरून घ्या व पाजत राहा. अगदी गळून गेलेल्या रोग्यांपुरती सलाईन राखून ठेवली. आठ आठवड्यांत ३,००० हून अधिक रोग्यांवर असे उपचार झाले. एरवी अशा साथीत शंभरांतील वीस ते तीस माणसे दगावत. येथे मरणाचे प्रमाण शंभरी चारांच्या आत राहिले. नियम मोडला असे म्हणणारेही असतील. पण त्या खोल्यांत नियम पाळणे म्हणजे बाटलीची वाट पाहत माणसे मरू देणे होते.

हे घडते कसे, ते शेतकऱ्याने जरूर समजून घ्यावे. पटकीचे विष आतड्याला पाणी बाहेर टाकायला लावते. जोराच्या पटकीत तासाला एक लिटरपर्यंत पाणी शरीरातून जाऊ शकते. नुसते पाणी पाजले तर ते फारसे टिकत नाही. पण मीठ आणि साखर योग्य प्रमाणात एकत्र आली की आतडे त्या दोघांना जोडीने आत घेते आणि त्यांच्या मागोमाग पाणीही आत जाते. ही वाट पटकीतही बंद पडत नाही. साखर येथे गोडीसाठी नाही, मिठाला आत नेण्यासाठी आहे. म्हणूनच प्रमाणाला महत्त्व. साखर जास्त झाली तर जुलाब वाढतात, मीठ जास्त झाले तर लहान मुलाला धोका होतो. अंदाजाने मूठ टाकू नये.

दवाखान्यात मिळणारी जलसंजीवनीची पुडी सर्वांत चांगली. तिच्यावर लिहिले असेल तेवढ्याच स्वच्छ पाण्यात ती सबंध कालवावी, अर्धी आज व अर्धी उद्या असे करू नये. कालवलेले पाणी २४ तासांनी टाकून द्यावे. पुडी नसेल तर एक लिटर पाण्यात सहा सपाट लहान चमचे साखर व अर्धा सपाट लहान चमचा मीठ घालावे. दोन वर्षांखालील बाळाला प्रत्येक जुलाबानंतर अर्धा कप, मोठ्या मुलाला एक कप, चमच्याने सावकाश द्यावे. उलटी झाली तर दहा मिनिटे थांबून पुन्हा सुरू करावे. अंगावरचे दूध तोडू नये. मोठ्या मुलाला मीठ घातलेली पेज चालते. डॉक्टर जस्ताच्या गोळ्या देतात, त्या सांगितलेले दिवस पुऱ्या कराव्यात. डोळे खोल गेले, मूल मलूल पडले, लघवी होईना, पाणी पिईना किंवा शौचात रक्त दिसले, तर मात्र घरी थांबू नये. तेथे सलाईनही लागू शकते.

दुकानातल्या गोड पेयांविषयीही सावध राहावे. जलसंजीवनीच्या इंग्रजी आद्याक्षरांचे नाव लावून भरपूर साखरेची पेये वर्षानुवर्षे विकली गेली. त्याविरुद्ध हैदराबादच्या बालरोगतज्ज्ञ डॉ. शिवरंजनी संतोष नेटाने लढल्या, आणि २०२५ च्या ऑक्टोबरात केंद्राच्या अन्नसुरक्षा प्राधिकरणाने पेयांवर ते नाव वापरण्यास मनाई केली.

महालनबीस यांचा बनगावचा अहवाल १९७३ साली प्रसिद्ध झाला. पुढे त्यांनी जागतिक आरोग्य संघटनेत काम केले, ढाक्याच्या संशोधन केंद्रातही केले. या पुडीवर त्यांनी पेटंट घेतले नाही. कलकत्त्याच्या बालआरोग्य संस्थेला पती-पत्नींनी आपल्या बचतीतून एक कोटी रुपये दिले. १६ ऑक्टोबर २०२२ रोजी ते वारले. पद्मविभूषण जाहीर झाला तो त्यानंतर, २०२३ च्या जानेवारीत. बनगावच्या बावन्न वर्षांनी!

जाता जाता गोठ्याविषयी. वासरांच्या हगवणीतही जीव जातो तो बहुधा पाणी व क्षार गेल्यामुळेच, आणि मीठ-साखरेची तीच जोडी तेथेही कामी येते. पण वासराचे प्रमाण वेगळे, म्हणून माणसांची पुडी न वापरता गुरांच्या दवाखान्यातून वासरांची पुडी आणावी. दूध बंद करू नये. दूध व क्षारांचे पाणी निरनिराळ्या वेळी द्यावे. वासरू उभे राहत नसेल किंवा चोखत नसेल तर नळीने वा बाटलीने बळेच ओतू नये, पाणी फुफ्फुसात जाते. गुरांच्या डॉक्टरांना त्याच वेळी बोलवावे.