होडीचा कुजलेला गाभा

(द्वितीय वर्ष, कला)

वेसाव्याच्या किनाऱ्यावर होड्या दुरुस्त करणारे एक वयस्क मिस्त्री नेहमी म्हणतात, "लाकडाची होडी खालून खाल्ली जाते, फायबरची वरून." प्रथम ऐकले तेव्हा मला हे कोडेच वाटले. लाकडी होडीचा तळ खाऱ्या पाण्यातला किडा पोखरतो, हे आमच्याकडे लहान पोरालाही ठाऊक असते. परंतु काचेच्या धाग्यांची आणि रेझिनची होडी! तिला ना कीड लागते, ना गंज चढतो. मग तिला वरून खाणार कोण? या प्रश्नाचे उत्तर मला माझ्या काकांच्या एका जुन्या होडीने दिले, आणि ते देताना माझी चांगलीच फजिती केली. ती हकीकत आणि तिच्यातून शिकलेले थोडे शास्त्र येथे मांडत आहे.

फायबरच्या पोटातले लाकूड

फायबरची होडी म्हणजे सगळी फायबरच, असा पुष्कळांचा समज असतो. तळाच्या बाबतीत तो बहुधा खरा असतो. पण वरच्या डेकच्या बाबतीत अनेकदा नसतो. असा डेक तीन थरांचा असतो. वर फायबरचे पातळ कवच, खाली तसेच दुसरे कवच आणि मध्ये प्लायवूडचा, बाल्सा नावाच्या हलक्या लाकडाचा किंवा फोमचा गाभा.

हा गाभा कशासाठी? आपली फूटपट्टी आडवी धरून दाबली की वाकते, उभी धरली की वाकत नाही. पट्टी तीच, फरक पडतो तो जाडीच्या दिशेचा. डेकचेही तसेच आहे. दोन कवचांमधले अंतर दुप्पट केले की डेकचा ताठपणा सुमारे चौपट होतो, आणि गाभा हलका असल्यामुळे वजन मात्र थोडेच वाढते. वाकण्याचा भार कवचे घेतात. त्यांना एकमेकांपासून दूर आणि तरीही एकजीव ठेवणे हे गाभ्याचे काम.

लाकूड आत घातले म्हणजे भेसळ केली, असे मात्र समजू नये. गोव्यात दिवाडी बेटावर बांधलेली नौदलाची ५६ फुटी शिडाची होडी 'म्हादेई' ही लाकडी गाभ्यावर काचेच्या धाग्यांची कवचे चढवूनच तयार झाली. तिच्यातून दिलीप दोंदे यांनी २००९-१० मध्ये एकट्याने पृथ्वीप्रदक्षिणा केली, आणि अभिलाष टॉमी यांनी २०१२-१३ मध्ये तीच प्रदक्षिणा कोठेही न थांबता पुरी केली. गाभ्याची अट एकच असते. त्याला पाणी लागता कामा नये.

पाणी शिरते कोठून?

डेकवर दोर बांधण्याची खुंटी असते, कठड्याचे खांब असतात, झाकणाच्या बिजागऱ्या असतात. त्यांच्या प्रत्येक बोल्टसाठी वरच्या कवचाला भोक पाडलेले असते. दोराला हिसके बसून बोल्ट किंचित हलतो, त्याच्याभोवतीचा मसाला सुकून तडकतो, आणि केसाएवढ्या फटीतून पाणी थेट गाभ्यात उतरते.

येथे एक गोष्ट लक्षात घेणे अगत्याचे आहे. लाकूड कुजवणारी बुरशी खाऱ्या पाण्यात सहसा माजत नाही. तिला पावसाचे गोडे पाणी मानवते. लाकडातला ओलावा वीस टक्क्यांच्या आत असेल तर ती वाढत नाही. ओलावा त्याच्या बराच वर गेला, जोडीला थोडी हवा व ऊब मिळाली, की तिचे फावते. आपल्याकडे १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद असते. होड्या किनाऱ्यावर ओढून शाकारल्या जातात. जवळच्या सांताक्रूझच्या वेधशाळेत पावसाळ्याच्या चार महिन्यांत सरासरीने दोन हजार मिलिमीटरांहून अधिक पाऊस मोजला जातो. ताडपत्रीला एक भोक असले किंवा तिच्या झोळात पाणी साचले, तरी ते डेकवर थेंबथेंब गळत राहते. म्हणजे होडी विश्रांती घेत असते, तेव्हाच तिचा गाभा कुजत असतो. शिवाय वर-खाली कवच असल्यामुळे आत शिरलेले पाणी बाहेर पडत नाही.

माझी चूक

दोन वर्षांपूर्वी मे महिन्याच्या अखेरीस काकांच्या होडीचा डेक नाळेजवळ पायाखाली दबू लागला. मी खुंटीभोवतीची भेग खरवडली, पुट्टी भरली आणि वर रंग दिला. डेक नव्यासारखा दिसू लागला. घरात माझे कौतुकही झाले.

नारळी पौर्णिमेनंतर होडी पाण्यात गेली. चौथ्या-पाचव्या दिवशी नांगर ओढताना काकांचा पाय डेक फोडून गुडघ्यापर्यंत आत गेला. फुटलेल्या फायबरची धार सुरीसारखी असते. पिंढरीला टाके पडले आणि ऐन हंगामाच्या तोंडावर काका घरी बसले. मला ते एका शब्दाने बोलले नाहीत, हेच मला जास्त लागले. मिस्त्रींनी भोकात हात घालून मूठभर काळा, ओला भुसा माझ्या हातावर ठेवला. आतले पाणी बाहेर न काढता मी त्याच्यावर पक्के झाकण बसवले होते.

दुरुस्तीचा क्रम

पुढच्या वर्षी एप्रिलमध्ये मिस्त्रींच्या हाताखाली आम्ही काम नीट केले. त्याचा क्रम असा:

१. आवाज घेणे. नाण्याने किंवा स्क्रूड्रायव्हरच्या मुठीने डेक ठोकत जावे. निरोगी जागी टणक, स्वच्छ आवाज येतो. कुजलेल्या जागी बद्द येतो. तेथे खडूने रेघ मारावी. मग बारीक भोके पाडून भुसा पाहावा. कोरडा, फिकट भुसा म्हणजे लाकूड शाबूत; काळा व ओला म्हणजे कूज. आमच्या डेकमध्ये पाय बुडाला होता वीतभर जागेत, पण कूज निघाली हातभर.

२. कवच उघडणे. करवतीचे पाते फक्त वरचे कवच कापेल इतकेच खाली ठेवावे. निघालेला तुकडा फेकू नये. तो पुन्हा बसवता येतो. कूज खरवडताना चारी बाजूंनी कोरडे, घट्ट लाकूड लागेपर्यंत थांबू नये. फायबर घासताना तोंडाला मास्क हवाच.

३. वाळवणे. हा सर्वांत कंटाळवाणा आणि सर्वांत महत्त्वाचा भाग. दिवसा ऊन द्यावे, रात्री दव पडू नये म्हणून झाकावे. आम्हाला तीन आठवडे लागले. म्हणून हे काम एप्रिल-मे महिन्यांतच हाती घ्यावे. भोके पाडून आत रेझिन ओतण्याचा सोपा उपाय काही जण करतात; परंतु ओल्या लाकडाला रेझिन धरत नाही.

४. नवा गाभा. आयएस ७१० प्रतीचे मरीन प्लायवूड घेतले. त्याच्या कडांना आधी रेझिन पाजले. मग घट्ट केलेल्या रेझिनच्या थरावर ते बसवून वर वाळूच्या पिशव्या ठेवल्या. खाली हवा अडकली तर तेथे पोकळी राहते. म्हणून प्लायला बारीक भोके ठेवली.

५. कवच सांधणे. जुना तुकडा बसवून सांध्याच्या दोन्ही कडा उतरत्या घासाव्यात. हा उतार कवचाच्या जाडीच्या बारा पट रुंद असावा, म्हणजे नवे थर जुन्याला भरपूर जागेवर धरतात.

६. बोल्टची भोके. ती मुद्दाम मोठी पाडून रेझिनने गच्च भरावीत आणि त्या भरावात नवे भोक पाडावे. मग मसाला सुकला तरी पाणी लाकडापर्यंत पोचत नाही.

डब्यावरचा एक शब्द

आम्ही इपॉक्सी वापरली, कारण जुन्या फायबरला व लाकडाला ती पॉलिएस्टरपेक्षा चांगली धरते. डब्यावरची इंग्रजी सूचना वाचण्याचे काम अर्थातच माझ्याकडे आले. घरात कॉलेजात जाणारा मी एकटाच. मी दोन आकडे वाचले आणि पेल्याने मापून मिश्रण केले. दुसऱ्या दिवशीही ते चिकटच! आकड्यांपुढे 'वजनाने' असा शब्द होता. हार्डनर रेझिनपेक्षा हलका असल्यामुळे पेल्याने घेतला की कमी पडतो. सगळे खरवडून, तराजू आणून पुन्हा करावे लागले. "आकडा वाचलास, पुढचा शब्द कोण वाचणार?" एवढेच काका म्हणाले, आणि हसले. वर्षभरानंतर प्रथमच ते या विषयावर माझ्याशी बोलत होते.

पॉलिएस्टर वापरणाऱ्यांना एक इशारा: त्यातला कोबाल्ट आणि हार्डनर एकमेकांत थेट कधीही मिसळू नयेत, भडका उडतो. एक आधी रेझिनमध्ये पूर्ण ढवळून मगच दुसरा घालावा.

आता तो डेक ठोकला की सगळीकडे सारखा आवाज येतो. तरी होडी शाकारण्याआधी काका आणि मी प्रत्येक बोल्ट हलवून पाहतो. ज्यांना हे समक्ष पाहायचे असेल, त्यांनी मे महिन्यात वेसाव्याच्या किनाऱ्यावर यावे. येताना खिशात एक नाणे असू द्यावे.