काचपट्टीवरच्या पेशी काय सांगतात?

तायांनो, शिबिरात गर्भपिशवीच्या तोंडाची तपासणी होते, तेव्हा नर्सताई छोट्या ब्रशने तिथल्या थोड्या पेशी घेऊन काचेच्या पट्टीवर पसरवतात. दोन-चार मिनिटांचं काम. पुढे त्या पट्टीचं काय होतं, हे बैठकीत बऱ्याच जणी विचारतात. म्हणून या वेळी तेच लिहिते.

प्रयोगशाळेत पट्टीला रंग देतात. पेशी म्हणजे तव्यावर फोडलेलं अंडं समजा. मधे बलक असतो ना, त्या जागी पेशीचं केंद्रक. रंग लागला की केंद्रक गडद निळं-जांभळं दिसतं आणि भोवतालचा भाग फिकट. चांगल्या पेशीत हा बलक लहान आणि गोल असतो. पेशी बिघडायला लागली की तो मोठा होतो, काळपट दिसतो, त्याची कड वेडीवाकडी होते. ही रीत डॉ. जॉर्ज पापानिकोलाऊ यांची, म्हणून तिला पॅप तपासणी म्हणतात. 1928 साली त्यांनी ती मांडली, पण डॉक्टरांनी मनावर घेतली 1943 साली त्यांचं पुस्तक आल्यावर. त्यांच्या अभ्यासासाठी वर्षानुवर्षं स्वतःच्या पेशी दिल्या त्यांच्या पत्नी अँड्रोमाकी यांनी. तपासणीला नाव मात्र नवऱ्याचंच!

आता अडचण बघा. एका पट्टीवर हजारो पेशी असतात आणि त्यात बिघडलेल्या कधी कधी अगदी थोड्या. दिवसभर सूक्ष्मदर्शकाला डोळा लावून बसलेल्या माणसाच्या नजरेतून त्या सुटू शकतात. तांदूळ निवडताना दहाव्या सुपाला खडा सुटतोच की. म्हणून आता काही ठिकाणी कॅमेरा बसवलेला सूक्ष्मदर्शक अख्ख्या पट्टीचे फोटो काढतो आणि संगणक केंद्रकं मोजतो, आकार केवढा, रंग किती गडद. अमेरिकेत 2003 साली मान्यता मिळालेलं असं एक यंत्र पट्टीवरच्या 22 जागा निवडून देतं. तंत्रज्ञ आधी त्या बघतात, संशय आला तर पूर्ण पट्टी. यंत्र खडे सुपाच्या कडेला आणून ठेवतं, ओळखायचे माणसानेच.

आपल्या आरोग्य केंद्रात बहुधा पट्टी नाही, तर पातळ आम्ल लावून मिनिटभराने पांढरा डाग उठतो का ते डोळ्यांनी बघतात. सरकारी कार्यक्रमात ही तपासणी 30 ते 65 वयाच्या बायकांसाठी दर 5 वर्षांनी आहे. "मागे एकदा केली होती" म्हणून सोडू नका. उस्मानाबाद, म्हणजे आताच्या धाराशिव जिल्ह्यात, सव्वा लाखाहून जास्त बायकांवर मोठा अभ्यास झाला. 2009 साली त्याचे निष्कर्ष आले. एकदाच केलेल्या पट्टीच्या किंवा आम्लाच्या तपासणीने मृत्यू ठळकपणे कमी झालेले दिसले नाहीत. एचपीव्ही विषाणूच्या तपासणीने मात्र जवळपास निम्मे झाले. म्हणून एचपीव्ही तपासणी कुठे मिळते हेही विचारा.

रिपोर्टमध्ये "बदल दिसतात" असं आलं तर घाबरून जाऊ नका. त्याचा अर्थ कॅन्सर झाला असा नाही. पुढची पायरी म्हणजे दुर्बिणीतून गर्भपिशवीचं तोंड बघणं आणि गरज पडली तर छोटा तुकडा काढून तपासणं. कॅन्सर आहे की नाही हे तो तुकडा सांगतो. कॅन्सरआधीचा बदल असेल तर बहुतेक वेळा तेवढाच भाग गोठवून, जाळून किंवा कापून काढतात, पिशवी राहते. 2019 साली बीड जिल्ह्यातल्या ऊसतोड बायकांच्या पिशव्या काढल्याचा प्रश्न इतका गाजला की सरकारला चौकशी समिती नेमावी लागली. तेव्हा नुसत्या अंगावरून पाणी जाण्यावरून किंवा नुसत्या सोनोग्राफीवरून कोणी "पिशवी काढा, नाहीतर कॅन्सर होईल" म्हणालं, तर तुकड्याचा रिपोर्ट मागा. कागद घेऊन दुसऱ्या डॉक्टरांकडे जा. जमीन घेताना सातबारा बघतो, मग इथे कागद बघायला लाज कसली?

मात्र संबंधानंतर किंवा पाळी कायमची गेल्यावर रक्त जात असेल, घाण वासाचं पाणी जात असेल, तर शिबिराची वाट बघू नका. लगेच दवाखान्यात जा.

पट्टी पाळीच्या दिवसांत देऊ नका. आधीचे दोन दिवस संबंध आणि आत ठेवायची औषधं टाळा. रिपोर्ट आणायला एकटीला जाणं जमत नसेल तर गटातल्या दोघी-तिघी एकाच दिवशी जा. येत्या बैठकीत सचिव ताईंनी वहीत तपासणीच्या तारखेशेजारी "रिपोर्ट मिळाला का" असा रकाना आखून घ्यावा. रिपोर्टमध्ये काय आलं ते मात्र वहीत लिहू नका, ते जिचं तिच्यापाशी.