१३७ यार्ड आणि चहूबाजूंनी पाणी

गोल्फ मी फक्त टीव्हीवर पाहिलाय. तरीही ओरलच्या आदल्या रात्री ज्याच्या पोटात गोळा येतो, त्याने या खेळातली दोन होल जरूर अभ्यासावीत, असं मला वाटतं.

पहिलं, फ्लोरिडातल्या टीपीसी सॉग्रासचं १७ वं. अंतर फक्त १३७ यार्ड, म्हणजे सुमारे १२५ मीटर. व्यावसायिक खेळाडूचा हा रोजचा शॉट. पण ज्या हिरवळीवर बॉल टेकवायचा ती जवळजवळ चहूबाजूंनी पाण्यात! बॉल पाण्यात गेला की एक स्ट्रोक दंड. इथे अपेक्षित स्ट्रोक ३. २००५ साली बॉब ट्वेला १२ लागले.

दुसरं, जॉर्जियातल्या ऑगस्टाचं १२ वं. समोर ओढा, वर फिरता वारा. २०१६ च्या मास्टर्समध्ये जॉर्डन स्पीथ नवव्या होलनंतर ५ स्ट्रोकने पुढे होता. पुढच्या दोन होलवर एकेक स्ट्रोक गमावून तो इथे आला, दोन बॉल ओढ्यात गेले, ३ च्या जागी ७ स्ट्रोक झाले. स्पर्धा डॅनी विलेटने जिंकली.

हात तोच, क्लब तोच. मग होतं काय? मानसशास्त्रज्ञ डॅनियल वेग्नर यांचं म्हणणं असं: 'हे नको' म्हटलं, की ते होत नाहीये ना हे तपासायला मनाचा एक कोपरा तेच शोधत बसतो. डोक्यावर ताण आला की तोच कोपरा वरचढ होतो. १९९८ च्या त्यांच्या प्रयोगात लोकांना 'बॉल पुढे जाऊ देऊ नका' असं बजावलं आणि सोबत एक आकडा लक्षात ठेवायला लावला. बॉल जास्तच पुढे गेले!

उपायही याच १२ व्या होलवर सापडतो. २०१९ साली आघाडीवरच्या मोलिनारीचा बॉल ओढ्यात गेला. टायगर वुड्सने झेंड्याचा मोह सोडून हिरवळीचा सुरक्षित भाग निवडला, तिथेच मारलं आणि स्पर्धा जिंकली. २०२० मध्ये याच होलवर त्याला १० स्ट्रोक लागले. पण उरलेल्या सहापैकी पाच होलवर त्याने बर्डी केली, म्हणजे अपेक्षेपेक्षा एक स्ट्रोक कमी.

तेव्हा ओरलला जाताना 'अडखळायचं नाही' असं घोकू नका. पहिलं वाक्य कोणतं बोलायचं, ते ठरवून जा. आणि एखादा प्रश्न पाण्यात गेलाच, तर त्याला तिथेच सोडा. एक्स्टर्नलचा पुढचा प्रश्न म्हणजे १३ वं होल!