अमोनियम सल्फेट आणि चुना

एका बशीत चिमूटभर अमोनियम सल्फेट घ्या. त्यावर पानाला लावतात तो ओला चुना घालून काडीने ढवळा. आता हळदीच्या पाण्यात भिजवलेला कागदाचा तुकडा, चुन्याला टेकू न देता, बशीवर धरा. झोंबणारा वास सुटेल आणि पिवळा कागद तांबूस होईल. (नाक बशीवर नेऊ नका, वास दुरूनही कळतो.) चुन्याने क्षारातील अमोनिया वायू हाकलून दिला. मागे उरले ते जिप्सम, म्हणजे कॅल्शियम सल्फेट.

उडून गेला तो खताचा जीवच होय. या क्षाराचा रेणुभार १३२. त्यात नत्राचे वजन २८, म्हणजे शेकडा २१. गंधकाचे ३२, म्हणजे शेकडा २४. भुईमूग व कांदा यांना हे गंधक मानवते. साखरेसारखे हे पांढरे स्फटिक पाण्यात झटकन विरघळतात. २० अंश सेल्सियसला १०० ग्रॅम पाण्यात सुमारे ७५ ग्रॅम मावतात. तरीही पावसाळी हवेत हे खत युरियाइतके लवकर ओलावत नाही.

चुना किंवा चुलीतली राख यात मिसळली, तर बशीतलाच प्रयोग शेतात घडतो. चुनखडीयुक्त काळ्या जमिनीवर खत नुसते फेकले तरीही तेच. म्हणून ते मातीआड करावे. भाताच्या चिखलात मात्र ते चांगले टिकते, कारण अमोनियमचे धनभारित आयन चिकणमातीच्या ऋणभारित कणांना धरून राहतात.

गंमत अशी, की धनबादजवळील सिंद्री येथे १९५१ साली उत्पादन सुरू झाले ते याच्या उलट वाटेने! तेथे जिप्सम आणि अमोनियम कार्बोनेट यांच्यापासून अमोनियम सल्फेट बनवीत, आणि खडू उरे. तो कारखाना २००२ साली बंद झाला.

मग चुना या खताचा वैरीच का? तसेही नाही. जमिनीतील जीवाणू अमोनियमचे नायट्रेट करतात, तेव्हा आम्ल तयार होते. इंग्लंडमध्ये रोदमस्टेड येथे १८५६ साली सुरू झालेल्या कुरणावरील प्रयोगात, चुना न देता वर्षानुवर्षे हेच खत दिलेले तुकडे इतके आम्लधर्मी झाले, की बहुतेक जातींच्या वनस्पती तेथून नाहीशा झाल्या. १०० किलो खताचे आम्ल मारण्यास सुमारे ११० किलो चुनखडी लागते. कोकणातील जांभ्याची माती मुळातच आम्लधर्मी. तिला तर चुना हवाच. फक्त तो खताबरोबर न देता काही आठवडे आधी मातीत मिसळावा.