बारीक अक्षरे

मंडळी, दुकानात सुटे पैसे नसले की दुकानदार काय करतो? रुपयाच्या बदली हातावर गोळी ठेवतो. आपण मुकाट्याने घेतो. पण ती गोळी दुसऱ्या दुकानात रुपया म्हणून चालत नाही.

अमेरिकेत एकदा अशीच पाळी आली. १८६१ साली तिथे उत्तर आणि दक्षिण भागांत लढाई जुंपली. उद्याचा भरवसा कुणाला? लोकांनी नाणी घरात दडवली. आधी सोन्याची, मग चांदीची, शेवटी सेंटसुद्धा. सेंट म्हणजे तिथला पैसा. शंभर सेंटांचा एक डॉलर होतो. बाजारात मोड मिळेना. उदीम अडला.

तेव्हा व्यापाऱ्यांनी तोड काढली. सेंटाएवढे तांब्याचे बिल्ले पाडून घेतले. कुणी त्यांवर आपले नाव आणि धंदा घातला, कुणी झेंडा घातला. लोक ते नाण्यासारखे वापरू लागले. १८६३ साली तर असे बिल्ले फार निघाले.

पण गोम पुढेच आहे. काही बिल्ल्यांवर 'एक सेंट' असे ठळक लिहिलेले असे आणि त्याच्या डोक्यावर बारीक अक्षरांत 'नाही' असे! म्हणजे 'एक सेंट नाही'. खोटे नाणे पाडले असा आळ येऊ नये, म्हणून ही युक्ती.

न्यूयॉर्क शहरात लिंडनम्युलर नावाचा दारूचा दुकानदार होता. त्याने ढिगाने बिल्ले काढले. घोड्यांची ट्राम चालवणाऱ्या कंपनीने ते भाड्यापोटी घेतले. पुष्कळ साठल्यावर कंपनी त्याला म्हणाली, "हे घ्या, आमचे पैसे द्या." त्याने साफ नाही म्हटले. कंपनीचा काही इलाज चालेना. अखेर २२ एप्रिल १८६४ रोजी कायदा झाला आणि असे खाजगी बिल्ले काढणे बंद झाले.

आज हौशी लोक हेच बिल्ले जमवतात. एका सेंटाच्या बिल्ल्याला कित्येक डॉलर मोजतात.

आपल्याकडेही दुसऱ्या महायुद्धात, १९४३ साली, धातू वाचवायला भोकाचा पैसा निघाला. तो मात्र सरकारी होता. आजीच्या डब्यात सापडला तर चिंचेने घासू नका. घासल्याने अक्षरे झिजतात आणि मोल जाते.

बिल्ला असो, चिठ्ठी असो, देणारा शब्दाला जागला तरच तिला किंमत. आता तुम्हाला वाचता येते. कागदावर अंगठा उठवण्याचे दिवस गेले. सही करण्याआधी ठळक अक्षरे वाचा, आणि बारीक अक्षरे दोनदा वाचा.

सांगा पाहू :
१. लोकांनी नाणी का दडवली?
२. ट्राम कंपनी कशी फसली?