ओसाड खाणींच्या वाटेवर

अमेरिकेतील कोलोरॅडो राज्याच्या नैर्ऋत्य भागात सान हुआन नावाची उत्तुंग पर्वतराजी आहे. तिच्या कुशीतील सिल्व्हरटन या लहानशा गावातून एक खडकाळ वाट वर चढत जाते. साध्या मोटारीचा तेथे निभाव लागत नाही. चारही चाकांना जोर मिळणारी जीपच हवी. सुमारे 65 मैलांचा हा फेरा उन्हाळ्याचे काही महिनेच खुला असतो. एरवी सारे बर्फाखाली. एका अंगास कडा, दुसऱ्या अंगास खोल दरी. समोरून दुसरी गाडी आली, तर चढणाऱ्या गाडीस वाट द्यावी, असा तेथील रिवाज आहे.

ही वाट हौशी प्रवाशांसाठी झालेली नाही. पूर्वी हा प्रदेश यूट लोकांचा होता. येथे सोने व चांदी असल्याची वार्ता पसरताच गोऱ्या लोकांचे लोंढे आले आणि 1873 च्या करारान्वये यूटांना ही भूमी सोडावी लागली. मग डोंगर फोडून रस्ते झाले. खेचरे व गाढवे पाठीवर खनिजाची पोती घेऊन याच वळणांनी उतरत. अवघड कड्यांवरील खाणींतून तारेवर टांगलेल्या बादल्या खनिज खाली आणीत. त्यांचे लाकडी मनोरे अजूनही कोठे कोठे उभे आहेत.

वाटेत सुमारे 11,200 फुटांवर ॲनिमस फोर्क्स हे निर्मनुष्य गाव लागते. 1883 साली तेथे सुमारे 450 माणसे राहत होती. 1879 मध्ये बांधलेल्या एका घराची पुढे आलेली ऐसपैस खिडकी पाहून प्रवासी थबकतो. एवढ्या निर्जन उंचीवर इतकी हौस! पुढे 1884 च्या हिवाळ्यात सतत तेवीस दिवस हिमवादळ चालले. पंचवीस फूट बर्फ साचले. एका घरातून दुसऱ्या घरी जाण्यासाठी लोकांना बर्फातून भुयारे खणावी लागली. खनिज संपत आले तशी माणसेही पांगली, आणि 1920 नंतरच्या दशकात गाव ओस पडले.

जवळच्या सनीसाइड खाणीचे कामगार सोन्याचा पदर शोधीत एमा सरोवराच्या तळाखाली पोहोचले होते. 4 जून 1978 रोजी तो तळ फुटला आणि अख्खे सरोवर खाणीत कोसळले. चिखलपाण्याने आतील यंत्रेही फरफटत नेली. सुदैवाने तो रविवार होता. खाणीत कोणीही नव्हते.

बंद खाणीही स्वस्थ बसत नाहीत. खडकातील गंधकयुक्त खनिजाशी पाणी व हवा यांचा संयोग झाला, की आम्ल तयार होते आणि ते धातू विरघळवते. 5 ऑगस्ट 2015 रोजी गोल्ड किंग या जुन्या खाणीच्या तोंडाशी सरकारी पथक काम करीत असता कोंडलेले पाणी उसळले. सुमारे 30 लाख गॅलन पाणी ओढ्यातून ॲनिमस नदीत शिरले आणि नदी नारिंगी झाली. खालच्या अंगास राहणाऱ्या नव्हाहो शेतकऱ्यांना पिके उभी असताना पाट बंद करावे लागले. त्यानंतर ग्लॅडस्टन येथे शुद्धीकरण केंद्र उभारण्यात आले. खाणीतून येणारे पाणी तेथे चुना घालून निवळले जाते आणि मगच ओढ्यात सोडले जाते.