हिवाळ्यातली हवा आणि हृदय-फुफ्फुसाचे रुग्ण

प्रश्न : लालबागमध्ये राहणाऱ्या, दमा आणि अँजिओप्लास्टी झालेल्या ज्येष्ठांनी हिवाळ्यात काय काळजी घ्यावी?

उत्तर : नोव्हेंबर ते फेब्रुवारीत मुंबईत समुद्रावरून येणारा वारा मंदावतो आणि पहाटेच्या गारव्यात धूळ-धूर जमिनीलगतच साचून राहतो. यातले पीएम 2.5 कण 2.5 मायक्रॉन किंवा त्याहून बारीक असतात. ते थेट वायुकोशांपर्यंत पोहोचतात. तिथला दाह रक्तवाहिन्यांनाही भोवतो, म्हणून दमा बळावतो आणि हृदयविकाराच्या झटक्याचा धोकाही वाढतो.

लालबाग-परळमध्ये पुनर्विकासाच्या धुळीची त्यात भर पडते. महापालिकेच्या ऑक्टोबर 2023च्या नियमांनुसार बांधकामाभोवती उंच पत्रे आणि पाण्याची फवारणी बंधनकारक आहे. ते दिसत नसेल, तर वॉर्ड कार्यालयात तक्रार जरूर करावी.

घराबाहेर पडण्यापूर्वी ‘समीर’ ॲपवर हवेचा गुणवत्ता निर्देशांक पाहावा. 101 ते 200 हा ‘मध्यम’ टप्पाही अशा रुग्णांना त्रासाचा ठरतो. 200च्या वर गेल्यास शिवाजी पार्कची पहाटेची फेरी टाळून घरातच हालचाल करावी. रुमाल किंवा साधा मास्क हे कण अडवत नाही. नाकावर घट्ट बसणारा एन-95 लागतो. त्यात दम लागला तर तो काढावा आणि डॉक्टरांना विचारावे. चाळीतल्या छोट्या खोलीत अगरबत्ती, धूप, डासांची कॉइलही तितकीच घातक, हे अनेकदा विसरले जाते.

बरे वाटले म्हणून रोजचा इनहेलर किंवा रक्त पातळ करणारी गोळी परस्पर बंद करू नये. छातीत दाब, घाम किंवा बोलताना धाप लागल्यास विनाविलंब 108ला फोन करावा.